बाबांच्या उपचारांबद्दल: आधी ब्लॉक, मग केमो

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर औषधांची नावं नीट पोचत नाहीत, म्हणून सगळं लिहूनच पाठवते. पत्र लांबणार आहे. आई, हे बाबांपासून लपवू नकोस. मामा काहीही म्हणो. उपचार त्यांच्या शरीरावर होणार, सह्या ते करणार, मग माहितीही त्यांनाच आधी हवी.

आत्तापर्यंतच्या रिपोर्टांत एवढं दिसतं. मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूला, खालच्या सिग्मॉइड भागात गाठ आहे. बायोप्सीत ॲडिनोकार्सिनोमा, म्हणजे आतड्याचा नेहमीचा कॅन्सर, आला आहे. सिटीमध्ये यकृतात चार डाग आहेत, सगळ्यांत मोठा साडेतीन सेंटिमीटरचा. फुप्फुसं स्वच्छ आहेत. याला चौथी स्टेज म्हणतात. ऐकून पोटात गोळा येतो, मलाही आला. पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वी या स्टेजला सरसकट सगळ्यांना एकच केमो मिळायची. आज त्याच नावाखाली पाच-सहा वेगवेगळे आजार ओळखता येतात आणि प्रत्येकाचं योग्य औषध वेगळं आहे. म्हणून माझं सांगणं एवढंच: सोमवारी डॉक्टर केमोची तारीख देतील तेव्हा दोन गोष्टी विचारा. ब्लॉक तपासणीला गेला का? आणि यकृताच्या सर्जननी सिटी बघितला का?

ब्लॉक म्हणजे बायोप्सीचे तुकडे मेणात बसवून केलेला ठोकळा. तो लॅबकडे जपून ठेवलेला असतो आणि अर्ज दिला की मिळतो. घेताना ठोकळ्यावरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर जुळवून मगच सही करा. गाडीत उन्हात ठेवू नका, मेण आहे ते. इथे नेहमी होणारी गडबड अशी: कोलोनोस्कोपीतून आलेले तुकडे अगदी बारीक असतात. एक तपासणी एका लॅबमध्ये, दुसरी महिन्याने दुसरीकडे, असं केलं की दर वेळी ठोकळ्याचे पातळ काप जातात आणि शेवटी त्यात कॅन्सरच उरत नाही. मग पुन्हा कोलोनोस्कोपी. ती टाळायची तर सगळ्या तपासण्या एकाच फॉर्मवर, एकाच वेळी लिहून घ्या: एमएमआर (ते काय, खाली सांगते) आणि केरास, एनरास, बीरॅफ, हर-२ ही चार जीन्स. एनजीएस पॅनल (अनेक जीन्स एकदम वाचणारी तपासणी) केलं तर जीन्सचं सगळं एकत्र येतं, पण त्याला दोन-तीन आठवडे लागतात. एमएमआरची रंगतपासणी वेगळी होते आणि काही दिवसांत येते. ती आधी मागा.

एमएमआर म्हणजे पेशीतल्या डीएनएची दुरुस्ती करणारी चार प्रथिनं: एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६ आणि पीएमएस-२. यातलं एखादं गायब असेल तर त्या कॅन्सरला एमएसआय-हाय म्हणतात. चौथ्या स्टेजच्या शंभर रुग्णांत असे चार-पाचच निघतात. बाबांची गाठ डावीकडे आहे, त्यामुळे शक्यता आणखी कमी. तरीही ही तपासणी सोडायची नाही, कारण ज्यांच्यात हे सापडतं त्यांच्यासाठी पहिली केमोच बदलते. २०२० साली आलेल्या कीनोट-१७७ चाचणीत अशा रुग्णांना केमोऐवजी पेम्ब्रोलिझुमॅब दिलं, दर तीन आठवड्यांनी २०० मिलिग्रॅम. आजार वाढायला लागेपर्यंतचा मध्यक काळ केमोवर ८.२ महिने होता, यावर १६.५ महिने झाला. नंतर निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब या जोडीने चित्र आणखी पालटलं: दोन वर्षांनी आजार न वाढलेले रुग्ण जोडीवर ७२ टक्के, केमोवर १४ टक्के. बाबांचं एमएमआर असं निघालं तर दादाने आणि मी आनुवंशिक लिंच सिंड्रोमची (घराण्यात कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या दोषाची) तपासणी करून घ्यायची. आणि नाही निघालं तरी आम्हा दोघांना कोलोनोस्कोपी आहेच. वडिलांना हा आजार असला की चाळिशीपासून करायची असते.

एमएमआर शाबूत असेल, म्हणजे चारही प्रथिनं जागच्या जागी असतील, तर पेम्ब्रोलिझुमॅबसारखी ही इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला जागं करणारं औषध) एकटी जवळजवळ काही करत नाही. हे वाक्य अधोरेखित करून ठेवा. कोणी 'नवीन आलंय, एकदा देऊन बघू' म्हणालं तर एमएमआरचा रिपोर्ट पुढे करा आणि कोणत्या आधारावर, ते विचारा. या एका वाक्यापायी लोकांची घरं गहाण पडलेली आहेत.

आता रास. जवळपास निम्म्या रुग्णांत केरास किंवा एनरासमध्ये बदल असतो. पेशीच्या पृष्ठभागावर ईजीएफआर नावाचा ग्राहक असतो. तो वाढीचा संदेश घेतो आणि आतल्या रासकडे देतो. सेटुक्सिमॅब आणि पॅनिटुमुमॅब ही औषधं या ग्राहकालाच बांधून टाकतात. पण रास बिघडलेला असेल तर तो संदेशाची वाट न बघता स्वतःच 'वाढा' म्हणत राहतो. मग ग्राहक बांधून उपयोग नाही. पैसे जातात, अंगावर पुरळ येतं आणि ऑक्सालिप्लॅटिनच्या केमोबरोबर दिलं तर अपायही झालेला दिसला आहे.

बाबांचा रास आणि बीरॅफ दोन्ही निर्दोष निघाले, तर डावी बाजू त्यांच्या पथ्यावर पडेल. जपानमधल्या पॅराडाइम चाचणीत डावीकडच्या रुग्णांना केमोबरोबर पॅनिटुमुमॅब दिल्यावर मध्यक आयुष्य ३७.९ महिने होतं, बेव्हासिझुमॅबवर (गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटू न देणारं औषध) ३४.३. मध्यक म्हणजे निम्मे लोक त्याहून जास्त जगले. तो आकडा म्हणजे बाबांची मुदत नव्हे. गाठ उजवीकडची असती तर हेच औषध निवडलं नसतं, बेव्हासिझुमॅब घेतलं असतं. रास बिघडलेला निघाला तरीही बेव्हासिझुमॅबच. भारतात त्याचे बायोसिमिलर (दुसऱ्या कंपन्यांनी केलेलं तसंच औषध) मिळतात, त्यामुळे ते तुलनेने आवाक्यात आहे.

बीरॅफ व्ही-६००-ई शंभरात आठ-दहांत सापडतो आणि तो दांडगा आजार असतो. तिथे एन्कोराफेनिब आणि सेटुक्सिमॅब केमोबरोबर सुरुवातीपासूनच दिल्यावर मध्यक आयुष्य १५.१ वरून ३०.३ महिन्यांवर गेलं. ब्रेकवॉटर नावाची ही चाचणी अगदी अलीकडची. केरास जी-१२-सी आणि हर-२ हे प्रकार त्याहून दुर्मीळ, प्रत्येकी शंभरात दोन-चार. दोन्हींवर आता नेमकी औषधं आहेत, पण ती सहसा पहिल्या केमोनंतरची. त्यातलं काही निघालं तर मी वेगळं लिहीन.

तोवर थांबायचं का? पोट फुगत नसेल, रक्त जात नसेल, यकृताचे आकडे ठीक असतील तर दोन आठवडे थांबल्याने बिघडत नाही. घाई असेल तर पहिली फेरी साध्या केमोची घ्यायची आणि रिपोर्ट आला की दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत अँटिबॉडी (पॅनिटुमुमॅब किंवा बेव्हासिझुमॅब) जोडायची. ही सर्रास चालणारी रीत आहे. फक्त एमएमआर येईपर्यंत तेवढं थांबा.

आई, तू विचारलंस की आधी आतड्यातली गाठच का काढून टाकत नाहीत. गाठ रस्ता अडवत नसेल, रक्त वाहत नसेल आणि यकृतातले डाग काढण्याजोगे नसतील, तर आधी गाठ काढून आयुष्य वाढत नाही. जपानमध्ये दोन गट करून हे तपासून झालं आहे. उलट जखम भरेपर्यंत केमो लांबते. मात्र गॅस सरणं बंद झालं, पोट टम्म फुगलं आणि उलट्या सुरू झाल्या तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठा. रस्ता अडल्याची खूण आहे ती.

यकृताचं थोडं सविस्तर लिहिते, कारण बाबांची खरी आशा तिथे आहे. यकृतातले डाग पूर्ण काढता आले तर साधारण चाळीस टक्के लोक पाच वर्षं पार करतात आणि काही कायमचे मोकळे होतात. डाग किती आहेत यापेक्षा काढल्यावर मागे किती यकृत उरतं याला महत्त्व आहे. निरोगी यकृत असेल तर पंचवीस टक्क्यांच्या आसपास उरलं तरी भागतं, बरीच केमो झालेली असेल तर तीसच्या वर लागतं. कमी पडत असेल तर काढायच्या बाजूची पोर्टल शीर आधी बंद करतात. तीन-चार आठवड्यांत दुसरी बाजू वाढते. तीन सेंटिमीटरपर्यंतचे डाग सुई घालून उष्णतेने जाळताही येतात, आणि कोलिजन चाचणीत हे जाळणं शस्त्रक्रियेपेक्षा कमी ठरलं नाही, गुंतागुंत मात्र कमी झाली. बाबांचे तीन डाग त्या मापात बसतात.

म्हणूनच सर्जननी सिटी केमोच्या आधी बघायला हवा. नंतर दाखवलं की दोन घोटाळे होतात. एक, केमोने बारीक डाग स्कॅनवर दिसेनासे होतात. घरात पेढे वाटले जातात, पण पुष्कळदा पेशी तिथेच असतात आणि सर्जनला कुठे कापायचं ते कळत नाही. त्यासाठी सुरुवातीलाच यकृताचा एमआरआय करून ठेवावा. दोन, 'अजून दोन फेऱ्या, अजून दोन' करत केमो लांबते आणि यकृत खराब होतं: ऑक्सालिप्लॅटिनने आतल्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, आयरिनोटेकॅनने चरबी आणि सूज येते. चार ते सहा फेऱ्यांनंतर पुन्हा स्कॅन आणि पुन्हा सर्जन, असं आधीच ठरवून घ्या. बेव्हासिझुमॅब चालू असेल तर शेवटचा डोस आणि शस्त्रक्रिया यांत सहा आठवडे हवेत, नाहीतर जखम भरत नाही.

यकृत प्रत्यारोपणाची बातमी तुम्हाला कोणीतरी फॉरवर्ड करणारच. ट्रान्समेट नावाची ती चाचणी २०२४ साली लॅन्सेटमध्ये आली आणि खरोखर मोठी आहे: पाच वर्षांनी प्रत्यारोपणाच्या गटात ५७ टक्के हयात, नुसत्या केमोवर १३ टक्के. पण त्यात पासष्टच्या आतलेच रुग्ण घेतले होते, आजार फक्त यकृतात, डाग काढता न येणारे आणि केमोला चांगला प्रतिसाद दिलेले. बाबा ७२चे आहेत. तिकडे धावू नका.

आता वय आणि डोस. सत्तरीच्या पुढच्यांना ऑक्सालिप्लॅटिन जोडून फार हाती लागत नाही, त्रास वाढतो, असं आणखी एका जपानी चाचणीत दिसलं. उद्देश फक्त आजार रोखण्याचा असता तर मीही कॅपेसिटाबिनच्या गोळ्या आणि बेव्हासिझुमॅब एवढ्यावरच थांबा म्हटलं असतं. बाबांच्या बाबतीत डाग आक्रसून सर्जनच्या हातात द्यायचे आहेत, म्हणून दोन औषधांची केमो (कॅपेसिटाबिन आणि ऑक्सालिप्लॅटिन) रास्त वाटते, पण पहिली फेरी वीस टक्के कमी डोसने. सोसलं तर वाढवता येतं. सुरुवातीलाच आडवं पडलं तर पुढचं सगळंच अडतं.

किडनीचं गणित मुद्दाम करून दाखवते. बाबांचं क्रिएटिनिन १.२ आहे आणि लॅबने 'नॉर्मल' छापलंय. पण ७२ वर्षं आणि ५५ किलो धरून सूत्र मांडलं (१४० वजा वय, गुणिले वजन, भागिले ७२ गुणिले क्रिएटिनिन) तर क्लिअरन्स, म्हणजे किडनीची गाळण्याची क्षमता, येतो ४३. कॅपेसिटाबिन ५०च्या खाली पाऊण डोसवर द्यायचं असतं आणि ३०च्या खाली द्यायचंच नसतं. बाबांच्या शरीराचं क्षेत्रफळ १.५९ चौरस मीटर, म्हणजे पूर्ण डोस एका वेळी साधारण १५०० मिलिग्रॅम. पाऊण डोस ११५०च्या आसपास: ५००च्या दोन आणि १५०ची एक, सकाळ-संध्याकाळ, चौदा दिवस, मग सात दिवस सुट्टी. चिठ्ठीवर ५००च्या तीन-तीन गोळ्या दिसल्या तर हा हिशेब डॉक्टरांना दाखवा. भांडू नका, नुसता दाखवा.

गोळ्या जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, पाण्याबरोबर. एक वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घ्यायच्या नाहीत. फॉलिक ॲसिड असलेलं टॉनिक बंद, त्याने विषार वाढतो. छातीत दुखलं किंवा आवळल्यासारखं झालं तर पुढची गोळी न घेता सरळ हॉस्पिटल. या औषधाने हृदयाच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि लोक गॅस समजून घरी बसतात. नेहमीपेक्षा चार वेळा जास्त जुलाब झाले, तोंड सोलवटलं, किंवा रात्री जुलाबासाठी उठावं लागलं तर गोळ्या थांबवून फोन करायचा. कोर्स पूर्ण करायचाच, हा अँटिबायोटिकचा नियम इथे लागू नाही. काही लोकांच्या शरीरात हे औषध फोडणारं डीपीडी एन्झाइम कमी असतं आणि पहिल्याच फेरीत हाल होतात. युरोपात २०२०पासून ते आधी तपासायची शिफारस आहे. आपल्याकडे होतं का, विचारा.

तळहात लाल होऊन सोलवटतात, त्यावर साधा उपाय दिल्लीच्या एम्समध्ये सिद्ध झाला आहे: डायक्लोफिनॅक १ टक्का जेल, तेच गुडघ्याला लावतो ते. बोटाच्या पेराएवढं, हाताच्या दोन्ही बाजूंना, दिवसातून दोनदा. मध्यम ते तीव्र त्रास १५ टक्क्यांवरून ३.८ टक्क्यांवर आला. स्वस्त आहे आणि चालतं, म्हणूनच बहुधा कोणी त्याची जाहिरात करत नाही.

ऑक्सालिप्लॅटिनच्या दिवसापासून चार-पाच दिवस थंड काही नाही. माठातलं पाणीही नको, कोमट प्या. फ्रिज आईने उघडायचा. सकाळी स्टीलच्या तांब्याला हात लावला तरी मुंग्या येतील. गार वारा घशाला लागला तर श्वास अडल्यासारखा वाटतो; घाबरायला होतं, पण गरम पाण्याचे घोट घेतले की काही मिनिटांत उतरतं. मात्र सलाईन चालू असताना खाज, घाम, छातीत दडपण असं झालं तर ती ॲलर्जी असू शकते, नर्सला लगेच हाक मारा. थंडीचा त्रास जातो; बोटांचा बधिरपणा साठत जातो. बाबांना आधीच साखर आहे. शर्टाची बटणं लावताना अडखळायला लागले की 'चालायचंच' म्हणू नका, त्या दिवशीच सांगा. चार महिन्यांनंतर हे औषध काढून बाकीचं चालू ठेवता येतं आणि बहुतेक डॉक्टर तसंच करतात. उलटीसाठी डेक्सामेथासोन देतात, त्याने दोन-तीन दिवस साखर चढते. घरच्या मशीनवर बघत राहा.

पॅनिटुमुमॅब मिळालं तर चेहऱ्यावर आणि छातीवर पुरळ येईल. ते मुरूम नव्हेत. मुरमांचं मलम, लिंबू, बेसन, उटणं काही नको, कातडी आणखी सुकते. पुरळ येण्याआधीच, पहिल्या दिवसापासून सहा आठवडे डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दोनदा, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि रात्री हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का: असं केल्याने जोराचं पुरळ निम्म्याहून कमी होतं. चिठ्ठीत हे नसेल तर मागून घ्या. रक्तात मॅग्नेशियम दर फेरीला बघायचं. ते घसरलं की नुसता थकवा वाटतो आणि केमोवर ढकलून देतात.

ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला तर क्रोसिन देऊन वाट बघू नका. आधी हॉस्पिटल. पांढऱ्या पेशी खाली असताना ताप हीच एक खूण असते आणि क्रोसिन तीच पुसून टाकतं.

आहाराचं थोडक्यात. साखर बंद केली की कॅन्सर उपाशी मरतो, असं काही नाही; उपाशी मरतो तो माणूस. डायबेटीसचं पथ्य पाळा, पण रोज साठ-सत्तर ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत: अंडी, मासे, पनीर, घट्ट वरण. दर सोमवारी वजन लिहा. आणि काकूने पाठवलेला गुळवेलीचा काढा बंद. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांच्या यकृताला सूज आल्याचं नोंदवलं होतं, आणि आपल्याला सगळं यकृतावरच खेळायचं आहे. काकूला वाईट वाटेल. माझं नाव सांगा.

पहिली-दुसरी केमो थकली तर पुढेही औषधं आहेत: ट्रायफ्लुरिडिन-टिपिरासिल आणि बेव्हासिझुमॅबची जोडी (मध्यक आयुष्य नुसत्या गोळीवर ७.५ महिने, जोडीवर १०.८), फ्रुक्विन्टिनिब, रेगोराफेनिब. त्यांचा विचार आज नको.

पैशांचं: सत्तरीवरच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड लगेच काढा, वर्षाला पाच लाखांपर्यंत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र हॉस्पिटलमध्येच बसतो. केमोचं नेमकं कोणतं औषध पॅकेजमध्ये आहे हे त्याच्याकडून नावानिशी लिहून घ्या. 'बसेल' असं तोंडी सांगितलेलं चालत नाही. मंजुरी उपचारांच्या आधी लागते, नंतर धावपळ करून मिळत नाही.

सोमवारी नेताना: सिटीची सीडी (नुसता कागद नको, सर्जनला चित्रं लागतात), बायोप्सीचा रिपोर्ट, ब्लॉकची पावती, सीईएचा (रक्तातली कॅन्सरची खूण) आकडा, ईसीजी, हिपॅटायटिस बीची तपासणी, आणि बाबा घेतात त्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं. नावांची यादी नको, पाकिटंच न्या. पोर्ट (केमो देण्यासाठी छातीवर कातडीखाली बसवतात ती डबी-नळी) बसवायचा असेल तर तो केमोच्या आधी की त्याच दिवशी, हेही विचारा. दादा पहाटेच्या गाडीने येतोय, तो आत बरोबर बसेल आणि लिहून घेईल. ब्लॉकचा नंबर मात्र मला आजच फोटो काढून पाठवा, म्हणजे मी लॅबशी बोलून ठेवते.

तुमची,
मुग्धा